एकदा ऐकून तर बघ!

मराठी माणूस सल्ला देऊन मोकळा होतो. दातांचा डॉक्टर सुचवतो, चांगली भाजणी कुठे मिळते ते सांगतो, कोकणातल्या घरगुती खानावळीचा नंबर देतो आणि विसरून जातो. तुम्ही त्या डॉक्टरकडे गेलात की नाही, हे विचारायला तो रात्री साडेदहाला फोन करत नाही. दात तुमचा, ठणका तुमचा. पण हाच माणूस एखादं गाणं सुचवतो तेव्हा त्याचा स्वभाव पालटतो. चाळीस मिनिटांनी ‘ऐकलंस का?’ येतं. संध्याकाळी पुन्हा येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतंच प्रश्नचिन्ह येतं. त्यानंतर तो स्वतः येतो.

मी याच जमातीतला. गाणं ऐकवताना आम्ही गाणं ऐकत नसतो, कारण ते आम्हाला पाठ असतं. आम्ही समोरच्याचा चेहरा बघत असतो. त्या चेहऱ्यावर काहीतरी उमटावं म्हणून आम्ही त्याला मदतही करतो. ‘आता बघ हं. आता येतंय. थांब, अजून नाही. आता... हां! गेलं! तू बघतच नव्हतास. पुन्हा लावतो.’ या गडबडीत गाण्याचा एकही सूर समोरच्याच्या कानापर्यंत पोचलेला नसतो. तरी तो बिचारा ‘छान आहे’ म्हणतो. ‘छान आहे’ या दोन शब्दांनी आमच्या जमातीला जेवढं दुःख दिलंय, तेवढं स्पष्ट ‘आवडलं नाही’नेही दिलेलं नाही.

आमच्यात घराणी आहेत. सगळ्यात जुनं घराणं खासगी रेकॉर्डिंगवाल्यांचं. बाजारात मिळतं ते गाणं यांच्या लेखी गाणंच नव्हे. कुणाच्या तरी वाड्यात, कुणाच्या तरी मुंजीच्या आदल्या रात्री झालेली मैफल स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर येता येता तिच्यात गवई जेमतेम उरलेला असतो. तंबोरा कुठला आणि छताचा पंखा कुठला हे वेगळं काढता येत नाही. रेकॉर्डिंग जितकं वाईट तितका त्याचा मान मोठा. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकतं, तेव्हा घरमालक हात वर करून आपल्याला गप्प करतात. ‘हा खोकला ऐकलास? म्हणजे ही सत्तरच्या आधीची. पुढे त्यांनी तपकीर सोडली.’

दुसरं घराणं अनवट रागवाल्यांचं. आपल्याला यमन आवडतो असं यांच्यासमोर चुकूनही बोलू नये. यांचं दैवत जयपूर-अत्रौली, म्हणजे कोल्हापुरात राहून गेलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची परंपरा. तिथे दोन राग एकत्र विणलेले जोडराग मिळतात आणि मल्लिकार्जुन मन्सूरांनी त्या पोतडीतून जन्मभर एकेक चीज काढून लोकांना चकित केलं. या घराण्याच्या माणसाने बसंती केदार लावला की तो आपली तोंडी परीक्षा घेतो. ‘ओळख.’ आपण चाचरत म्हणतो, ‘बसंत?’ तो खेदाने मान हलवतो. ‘मग केदार?’ तो आणखी खेदाने मान हलवतो. आपली दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर असतात, पण त्याच्याकडे अर्धे गुण देण्याची पद्धत नाही.

अशाच एका गृहस्थांना मी यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ऐकवली. लावणी म्हणजे ढोलकी, फेटे आणि शिट्ट्या, अशी त्यांची पक्की समजूत. बैठकीच्या लावणीत बाई खाली बसून गाते, एकेका ओळीचा अर्थ अदेने फिरवून फिरवून दाखवते आणि सुरांचं काम असं करते की भल्याभल्यांनी सरसावून बसावं. यमुनाबाई त्यातल्या अखेरच्या मोठ्या माणसांपैकी. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. मी नाव न सांगता लावलं. गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, ‘ठुमरीचं अंग चांगलं आहे.’ मी म्हटलं, ‘लावणी आहे.’ त्यांनी डोळे उघडले, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘हो, पण मूळची ठुमरीच असणार.’

माझं घराणं तिसरं. आमचा पासपोर्ट कोरा असतो आणि कान जगभर हिंडून आलेले असतात. सैबेरियाच्या दक्षिणेला तुवा नावाचा प्रदेश आहे. तिथले गवई एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढतात. खाली खर्ज धरलेला असतो आणि वर शीळ घातल्यासारखा दुसरा सूर फिरत असतो. ‘हुन-हुर-तू’ हा त्यांचा नावाजलेला संच. मी तो पहाटे लावला, तेव्हा घरच्यांनी पाण्याचा पंप बंद करायला सांगितला. पंप बंद होता असं सांगितल्यावर प्लंबरला बोलवायला सांगितलं.

अनुभवाने एक कळलं. गाणं सुचवणं स्थळ सुचवण्याइतकं जोखमीचं काम आहे. दोन्हीकडची पत्रिका बघावी लागते.

माझे एक काका तबला शिकलेले. जॅझ म्हणजे चार जणांनी एकाच वेळी वेगवेगळी गाणी वाजवायची, असं त्यांचं मत. त्यांना मी ‘टेक फाइव्ह’ ऐकवलं, पण जॅझ हा शब्द गिळून. नुसतं म्हटलं, ‘काका, पाच मात्रांचं आहे.’ काकांचा हात आपोआप मांडीवर गेला. डेव्ह ब्रूबेक हा अमेरिकन पियानोवादक १९५८ साली त्याच्या सरकारने काढलेल्या दौऱ्यावर तुर्कस्तानपासून हिंदुस्थानपर्यंत हिंडला, मुंबईतही वाजवून गेला. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने नऊ मात्रांचा ठेका उचलला आणि परत गेल्यावर अशा वाकड्या तालांची एक अख्खी तबकडीच केली, ‘टाइम आउट’, १९५९. त्यातलंच हे पाच मात्रांचं, पॉल डेसमंड या सॅक्सोफोनवाल्याने रचलेलं. काका मोजत होते. ‘झपतालाचं अर्धं आहे, पण उलटं. आपलं दोन-तीन, याचं तीन-दोन.’ मग पियानो एकच चाल धरून राहिला आणि ड्रमवाला एकटा सुटला, तेव्हा काका ताडकन सरळ झाले. ‘अरे, हा तर लेहरा! तबला सोलोला पेटीवाला धरून बसतो तसा!’ पुढचे दोन दिवस काका येईल त्याला सांगत होते की अमेरिकेत ब्रूबेक नावाचा कुणीतरी आहे, लेहरा बरा धरतो.

मावशीची पत्रिका निराळी. ती संगीत नाटकांवर वाढलेली. एकेका पदाला वन्समोर घेत रात्र उजाडायची, हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तिला मी इजिप्तच्या उम्म कुलसुम ऐकवल्या. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री कैरो रेडिओवरून त्यांची मैफल प्रसारित व्हायची आणि सगळं अरबी जग कामधाम सोडून रेडिओला चिकटायचं. हे कित्येक वर्षं चाललं. एक गाणं तासभराचं. श्रोते ओरडायचे, बाई तीच ओळ पुन्हा घ्यायच्या, पण दर वेळी नव्या वळणाने. मावशीला अरबीतलं अक्षर कळत नव्हतं. पहिली काही मिनिटं तिने फक्त ‘हातात तो रुमाल कशाला धरलाय?’ एवढीच चौकशी केली. मग श्रोत्यांचा पहिला कल्लोळ आला आणि ती सावरून बसली. ‘वन्समोर देतायत.’ शेवटी म्हणाली, ‘बाई मुरलेली आहे. कुठे थांबायचं ते हिला कळतं. आमच्या भजनी मंडळात कुणालाच कळत नाही.’ आता हे गाणं मावशीचं झालंय. ती मलाच विचारते, ‘तू त्या कैरोच्या बाईंचं ऐकलंयस का रे?’

भाच्याला जुनी हिंदी गाणी संथ वाटतात. त्याला मी पुणतांब्याला जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, १९५१ च्या ‘अलबेला’तलं संगीत ऐकवलं. त्यातला ट्रम्पेट ऐकून त्याने एका कानातलं बोंडूक काढलं. तो ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. असं नाव ऐकल्यावर दुसऱ्याही कानातलं निघालं. चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे आंतोनियो शावियर वाझ. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. ती वाचता येणारी ही मंडळी मुंबईत रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा फिल्मी स्टुडिओत. संगीतकाराने पेटीवर चाल सांगायची आणि सेबास्टियन डिसोझांसारख्यांनी तिच्याभोवती पन्नास वाद्यांचा ताफा कागदावर उभा करायचा. पडद्यावर नाव मात्र बहुतेक वेळा यायचं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचं नाव घालून मोकळे झाले. भाचा थक्क झाला. ‘म्हणजे अँथनी गोन्साल्विस खरा होता?’ अमिताभ अंड्यातून बाहेर येतो त्यापेक्षा त्याला हे जास्त अद्भुत वाटलं. तेव्हापासून तो मला गोव्याच्या लोर्नाची कोंकणी गाणी पाठवतो. ‘मामा, हे ऐकलंयस?’ असं विचारतो. मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, हे त्याला सांगत नाही. या जमातीत नवीन भरती फार कमी होते.

काही गाणी मात्र कुणाच्याच पत्रिकेत बसत नाहीत. फ्रान्सच्या एरिक सातीने ‘व्हेक्सेशन्स’ नावाचा पियानोचा एक लहानसा तुकडा लिहिला आणि वर टीप दिली, की हा ८४० वेळा वाजवायचा तर आधी मनाची तयारी करावी. लिहिणारा गेला, तरी ती टीप कुणी मनावर घेत नव्हतं. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज याने पियानोवाल्यांच्या पाळ्या लावून ते खरोखर ८४० वेळा वाजवून घेतलं. अठरा तासांहून जास्त वेळ लागला. मी हे आमच्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याला कौतुकाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘दहा दिवसांत आमचं त्याच्यावर होतं.’ याच केजची १९५२ सालची एक रचना आहे. वादक पियानोपाशी येऊन बसतो आणि चार मिनिटं तेहेतीस सेकंद एकही सूर वाजवत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी आजवर मला सुचवलेलं हे एकमेव संगीत.

आमच्या जमातीतला सगळ्यात मोठा माणूस मात्र दिल्लीत होऊन गेला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आम्ही फार तर मावशी आणि भाच्याला धरतो. केसकरांनी अख्खा देश धरला. त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली, शास्त्रीय संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केले आणि देशाला म्हटलं, ‘एकदा ऐकून तर बघ!’ त्यांच्या आधीपासून, १९४० पासून, आकाशवाणीत पेटीलाही बंदी होती. ती त्यांनी चालू ठेवली. हेतू इतका उदात्त की मला त्यांच्यात आपलं माणूस दिसतं. देशाने काय केलं? देशाने रेडिओची खुंटी पिरगाळली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच १९५२ सालच्या अखेरीस तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ कोलंबोच्या मालकीची झाली. सरकारला वळायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला. त्या दिवशी ‘विविध भारती’ सुरू झाली. तरी केसकरांच्या त्या शास्त्रीय कार्यक्रमांनी पुष्कळ गवई आणि बजवय्ये जगवले, हेही सांगायला हवं. सुचवणाऱ्याचं गाणं वाया जात नाही. ज्याला सुचवलं तो सोडून भलत्याच कुणाला तरी ते लागतं.

विविध भारतीवर मग उलटी गंगा वाहिली. लोकच पोस्टकार्डावरून गाणी सुचवू लागले आणि त्यात अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं, आता झारखंडात असलेलं, झुमरी तलैया नावाचं गाव देशभर गाजलं. तिथल्या लोकांनी फर्माइशी पाठवण्याची चढाओढच लावली होती. आता गंमत बघा. ती गाणी लोकप्रिय होती. कार्ड न टाकताही ती लागलीच असती. मग पैसे खर्चून कार्ड का टाकायचं? ते गाणं लागेल तेव्हा आपण ते ऐकतोय हे सगळ्या देशाला कळावं म्हणून.

आमची कला खरी कुणाला साधली असेल, तर गदगच्या एका दुकानदाराला. त्याच्या दुकानात तबकडी वाजत होती, अब्दुल करीम खाँसाहेबांची. एक शाळकरी पोरगा ती ऐकत उभा राहिला आणि असं गाणं आपल्याला आलं पाहिजे म्हणून १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घरातून पळाला. गुरू शोधत उत्तर हिंदुस्थान पालथा घालून शेवटी घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचला. पुढे १९५३ पासून त्याच पोराने, म्हणजे भीमसेन जोशींनी, पुण्यात गुरूच्या नावाचा महोत्सव मांडला. दुकानदार ‘आता बघ हं, आता येतंय’ असं काहीही म्हणाला नव्हता. त्याने तबकडी लावली आणि तो गिऱ्हाईक बघायला गेला. आमच्यापैकी कुणी तिथे असता, तर पोराला खाँसाहेबांचं घराणं, रागाची वेळ आणि तबकडीचा क्रमांक सांगता सांगता शाळा सुटली असती आणि पोरगं जेवायला घरी गेलं असतं.

आणि आजवरची सगळ्यात लांबची शिफारस १९७७ साली झाली. ‘व्हॉयेजर’ नावाच्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवून अमेरिकेने अवकाशात पाठवली. अवकाशात कुणी भेटलंच तर ऐकायला पृथ्वीवरच्या २७ रचना, मिळून दीड तास. बाख आहे, बेथोव्हेन आहे, जावा बेटावरचं गॅमेलान आहे, पेरूमधलं लग्नातलं गाणं आहे, लुई आर्मस्ट्राँग आहे. सोबत सुई दिलीय आणि तबकडी कशी लावायची याची आकृतीही. शिफारस अशी सांगोपांग करावी लागते. निवड करणाऱ्यांत भांडण झाल्याशिवाय अर्थातच राहिलं नाही. चक बेरीचं रॉक ॲन्ड रोल पोरकट आहे, असा एका जाणकाराने आक्षेप घेतला. त्यावर प्रमुख कार्ल सेगन यांनी उत्तर दिलं, की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत.

त्यात हिंदुस्थानातर्फे एकच आवाज आहे, गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांचा, साडेतीन मिनिटांची भैरवी. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत बाई भारी चोखंदळ होत्या, मोजक्याच तबकड्या दिल्या. त्यातली एक सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेली. आमच्या अनवट रागवाल्यांना मी अभिमानाने हे सांगितलं. त्यांनी क्रम विचारला. केसरबाईंच्या नंतर त्या तबकडीवर एक कृष्णवर्णीय अमेरिकन भक्तिगायक आहे, ब्लाइंड विली जॉन्सन, आणि मग बेथोव्हेन. ते हळहळले. ‘भैरवी झाल्यावर पुन्हा गाणं? तिकडचे लोक काय म्हणतील?’ पहिलं यान एखाद्या दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास जाईल ते सुमारे चाळीस हजार वर्षांनी. तोपर्यंत ‘ऐकलंत का?’ असं विचारायची सोय नाही. आमच्यातला माणूस त्या समितीत असता, तर यानाच्या मागून स्कूटरवर गेला असता.

हल्ली गाणी सुचवायचं काम फोनमधलं ॲप करतं. त्याची सभ्यता वाखाणण्यासारखी आहे. ते चेहरा बघत नाही, मध्ये बोलत नाही, तुम्ही गाणं अर्ध्यावर सोडलंत तर मुकाट्याने दुसरं वाढतं. त्याचा नेमही चांगला आहे. तरी ॲपने एखादं अप्रतिम गाणं दिलं की आपण पहिली गोष्ट काय करतो? ते कुणाला तरी पाठवतो. समेवर मान हलते तेव्हा शेजारी बघायला माणूस लागतो. मैफलीत शेजारच्या अनोळखी गृहस्थाकडे बघून आपण डोळे विस्फारतो, तोही विस्फारतो आणि तेवढ्याने दोघांचं तिकीट वसूल होतं. घरी एकट्याने ऐकताना ते अर्धं वसूल होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही तुमच्या दारात उभे असतो. तुवाच्या गवयाला आम्ही गाता येईल म्हणून ऐकत नाही आणि तुम्हाला शहाणं करावं असंही आमच्या मनात नसतं. आम्हाला फक्त इकडे वळून बघितल्यावर तिकडे कुणीतरी असायला हवं असतं.

म्हणून आमच्या जमातीशी कसं वागावं, हे जाता जाता सांगतो. गाणं आलं तर ऐका, पण ‘छान आहे’ म्हणू नका. अंगठा तर मुळीच पाठवू नका. ‘ठीक आहे, पण याच्यापेक्षा अमुकतमुकांनी चांगलं गायलंय,’ असं लिहा. अमुकतमुकांच्या जागी कुठलंही भारदस्त नाव घाला. त्या रात्री आमच्या घरातला दिवा मालवणार नाही. आम्ही पुरावे काढू, जुन्या कॅसेटी शोधू, खोकल्याच्या आधारे तारखा ठरवू आणि सकाळी सातला तावातावाने तुमच्याकडे येऊ. चहा ठेवा. इतकं सुख आम्हाला त्या गाण्यानेही दिलेलं नसतं.